बाग तुमची, कारभार दुकानदाराचा

फवारणीची वही किती जणांकडे आहे? हात वर करा.

दोन हात. त्यातला एक कान खाजवायला वर गेला होता, तो खाली आला. म्हणजे एवढ्या मोठ्या मंडपात एक वही. शाल आणि नारळ राहू दे टेबलावर, सत्काराचं नंतर बघू. तुम्ही बोलावलंत म्हणून मी आधी तुमच्या बागांतून हिंडून आलो. जामसंड्यापासून गिर्येपर्यंत, ज्यांनी चहाला थांबवलं त्यांच्या आणि ज्यांनी मला बघून गाडी वळवली त्यांच्याही. जे पाहिलं त्यानंतर गोड बोलणं मला जमणार नाही. तुम्हाला वर्गात शिकवताना जमलं नव्हतं, आता कुठून जमणार?

यंदा काय झालं, असं ज्याला विचारलं त्यानं आधी आभाळाकडे बोट दाखवलं. थंडी उशिरा आली, आली ती जास्त राहिली, मग एकदम उकाडा, मध्येच अवेळी पाऊस. सगळं खरं. हवामान बिघडलंय हे मीही मानतो. पण बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे आभाळ एकच असतं ना? मग एकाच पाणंदीवरच्या दोन बागांत एकाच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले आणि दुसऱ्याच्या घरात लोणच्यापुरत्या कैऱ्या, हे कसं घडलं? कोकणातला हापूस हेक्टरी दोन-अडीच टनांच्या पुढे सरकत नाही, ही ओरड मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा तर थंडी वेळेवर पडायची. तेव्हा कोणावर खापर फोडत होतात?

फळपीक विम्याचे निकष तुम्हाला तोंडपाठ. पारा किती अंशांवर किती दिवस राहिला म्हणजे किती भरपाई, पाऊस किती मिलिमीटर झाला म्हणजे किती, झोपेतून उठवलं तरी सांगाल. आणि तुमच्या बागेत तुडतुडे पहिल्यांदा कोणत्या आठवड्यात दिसले, असं विचारलं की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघता.

एका बागेत पंपघराच्या मागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता. नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत खांबाच्या आड बसलाय. मी तिथंच उकिडवा बसलो आणि एकेक बाटली उचलून वाचत गेलो. पहिलीवर मोठ्या अक्षरात कसलंसं पराक्रमी नाव, आणि खाली चष्मा लावूनही जेमतेम दिसेल अशा अक्षरांत इमिडाक्लोप्रिड. दुसरी पुडी, वेगळी कंपनी, वेगळं नाव, आत थायमेथोक्झाम. तिसरी बाटली पुन्हा इमिडाक्लोप्रिड, नवं बारसं झालेलं. चौथ्यात दोन औषधांचं तयार मिश्रण, थायमेथोक्झाम आणि लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन. पाचवीत नुसतं लॅम्ब्डा. मी त्याला विचारलं, काय रे, औषध आलटून पालटून मारतोस ना? छाती फुगवून म्हणाला, "सर, दर टायमाक वेगळा!"

वेगळा म्हणे! इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही एकाच घराण्यातली भावंडं. दोघंही किडीच्या मज्जासंस्थेत एकाच जागी घाव घालतात. एकाला न जुमानणारा तुडतुडा बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन हे दुसरं घराणं, सिंथेटिक पायरेथ्रॉइड. पाच बाटल्या, पाच बिलं, घराणी दोन. फवारणीत हजार किडे मेले आणि दहा वाचले, तर ते दहा सगळेच नशिबानं वाचलेले नसतात. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात ते विष पचवायची सोय असते. पंधरवड्यानं त्यांची पिल्लं येतात आणि तुम्ही त्यांच्यावर तेच विष दुसऱ्या नावानं ओतता. अशा चार पिढ्या झाल्या की बागेत उरते ती फक्त पचवणाऱ्यांची फौज, आणि ती तुम्ही स्वतःच्या खर्चानं निवडून वाढवलेली असते. हे मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. तेव्हा मागच्या बाकांवर कैरी-मीठ चाललं होतं, तेही मला आठवतंय.

मग पुढची पायरी. "सर, औषध लागूक नाय." नाही लागलं, तर वाढवा मात्रा! दापोलीच्या विद्यापीठाच्या वेळापत्रकात इमिडाक्लोप्रिड दहा लिटर पाण्याला ३ मिलि आहे, थायमेथोक्झाम १ ग्रॅम. तुमचा गडी बाटलीच्या झाकणानं मोजतो. झाकणात किती मावतं? सांगा ना. कोणालाच ठाऊक नाही. दारूचा पेग मात्र डोळे मिटून बरोबर भरता. शिवाय एकदा पिंप भरलंच आहे तर त्यात कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत, कोणी तरी दिलेलं टॉनिक आणि वर स्टिकर, असं सगळं एकत्र ढवळायचं. कोणाचं कोणाशी पटतं, पिंपाच्या तळाशी काय साका बसतो, कोणी बघितलंय? आणि ते सगळं ज्याच्या अंगावर उडतं त्या गड्याच्या नाकाला फडकंसुद्धा नाही. वर्षानुवर्षं तोच माणूस तुमच्या बागेत राबतोय. लाज वाटू द्या थोडी.

दुकानदाराला मी शिव्या देणार नाही. तो माल विकायला बसलाय आणि माल विकतोय, त्याचं काम तो चोख करतो. पण ऑक्टोबरपासून त्याच्याकडून उधारीवर औषध उचलायचं आणि हिशेब मे महिन्यात पेट्यांच्या पैशातून चुकता करायचा, ही रीत पडली की बागेत काय मारायचं ते तोच ठरवतो. तुमच्या उधारीची वही त्याच्याकडे अगदी व्यवस्थित ठेवलेली असते. तारीखवार. तुमच्या बागेत वर्षभर कोणतं विष पडलं, हे जाणून घ्यायला उद्या मला त्याच्याच दुकानात जावं लागेल.

फुलकिड्यांबद्दल तुमची सगळ्यात मोठी रड आहे, म्हणून तिथं जरा थांबतो. पूर्वी आंब्याच्या किडींच्या यादीत फुलकिड्यांचा नंबर खाली असायचा. आता गेल्या काही हंगामांत त्यांनी तुम्हाला रडवलंय. ते वर कसे आले, याचा विचार केलात? तुडतुड्यांसाठी म्हणून तुम्ही पायरेथ्रॉइड मारत सुटलात. त्यानं तुडतुडे काही काळ दबले, पण फुलकिड्यांना खाणारे कोळी, भक्षक ढेकूण, ढालकिडे, सगळे मेले. घरातलं मांजर मारून टाकायचं आणि मग उंदीर फार झाले म्हणून गाऱ्हाणं घालायचं, असला हा प्रकार.

आता बघा, हे मी पुन्हा एकदा दाखवतो. पालवी फुटली, किंवा बोंगे फुटून मोहोर बाहेर पडायला लागला, की एक कोरा पांढरा कागद घ्यायचा. कोवळा शेंडा किंवा तुरा त्याच्यावर धरायचा आणि बोटानं दोन-तीन टिचक्या मारायच्या. लगेच कागद झटकू नका. आधी नुसता कचरा दिसतो, पराग, फुलांचे तुकडे, धूळ. क्षणभर थांबा. त्या कचऱ्यातले काही कण चालायला लागतात. पिवळसर, लांबट, जेमतेम मिलिमीटरभर. ते फुलकिडे. मोजा. झाडाच्या चारही अंगांना एकेक तुरा, आणि बागेत वरच्या सड्यावरची, खालच्या वाफ्यातली, बांधाजवळची अशी ठराविक कलमं खूण करून ठेवा, दर आठवड्याला तीच. तारीख, कलम, आकडा. एवढं लिहायला एक सकाळ पुरते. आकडा वाढतोय की घटतोय हे कळल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर नातवाला बरोबर न्या, त्याचे डोळे चांगले असतात.

एवढं करून पाहिलंत की तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसेल. फवारणीनंतर आठवड्यानं पुन्हा किडे येतात, ते शेजाऱ्याच्या बागेतूनच आलेले नसतात. फुलकिडा अंडी घालतो कोवळ्या भागाच्या आत, आणि बरेचसे फुलकिडे कोषात जायला खाली उतरतात, झाडाखालच्या पाचोळ्यात, मातीच्या वरच्या थरात. म्हणजे तुम्ही वर औषधाचा पाऊस पाडता तेव्हा एक पिढी पानाच्या आत आहे आणि एक पायाखाली. ती बाहेर पडणारच. मग घाबरून चार दिवसांत दुसरा हात मारायचा नसतो, पुन्हा कागद धरून बघायचं असतं. स्पिनोसॅड ४५ टक्के, दहा लिटरला अडीच मिलि, याची फुलकिड्यांसाठी शिफारस आहे. वेगळ्या घराण्यातलं आहे, चांगलं आहे. पण महाग औषध चाललं म्हणून तेच लागोपाठ मारत राहाल, तर दोन-चार वर्षांत त्याचंही मातेरं कराल, हे लिहून ठेवा. कशात लिहिणार म्हणा, वही कुठाय!

मोहोर पूर्ण फुललेला असताना पंप चालू असलेल्या बागाही तुमच्यातच आहेत. आंब्याच्या एका तुऱ्यात फुलं शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. त्यातली बहुतेक नर. संयुक्त फुलं थोडी, त्यातलीही बरीच गळतात, आणि तुऱ्याला एखाददुसरं फळ टिकलं तरी आपण देवाला नारळ देतो. ते फळ धरायला पराग इकडून तिकडे कोण नेतं? मधमाश्या नेतात, पण त्यांच्याइतक्याच साध्या माश्या नेतात, ज्यांना तुम्ही अंगावर बसल्या की हाकलता. फुललेल्या मोहोरावर पायरेथ्रॉइड मारलं की आधी त्या मरतात. मग "मोहोर ढीगभर, कणी नाय" म्हणून गाऱ्हाणं. कणी धरणार कशी? बोंग्यांवरची फवारणी वेळेवर केली असती तर फुलोऱ्यात पंप बाहेर काढायची पाळी आली नसती.

आणि शेजारच्या झाडांचं काय केलंत? हापूसला हापूसच्याच परागापेक्षा दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर फळधारणा सुधारते, म्हणून हापूसच्या बागेत शेकडा पाच-दहा कलमं केशर, रत्ना अशी लावा, असं सांगून आमचे घसे बसले. रत्ना तर आपल्याच वेंगुर्ल्याच्या केंद्राची, नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली आलेली. कोणी लावली? "सर, तेका भाव नाय." भाव नसेल, पराग आहे ना! बांधावरचे आजोबांच्या हातचे रायवळ आंबे फुकटात हे काम करत होते, ते तुम्ही लाकडाच्या व्यापाऱ्याला दिलेत.

तुमचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो, झाडाचा जूनमध्ये. सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे. मोहोर दिसला की तुम्हाला बाग आठवते. तोवर पावसाळाभर बागेत रान माजलेलं, बांडगुळं लोंबतायत, खोडाच्या बुंध्याशी भुसा पडलाय आणि भोकातून खोडकिड्याची अळी आत पोखरतेय, पण तिकडे कोणी फिरकत नाही. तो भुसा दिसला त्याच दिवशी तार घालून अळी बाहेर ओढली तर झाड वाचतं. दिवाळीला बघाल तर फांदी वाळलेली असते. तुडतुडे पावसाळ्यात कुठं जातात? खोडाच्या सालीच्या खाचांत दडून बसतात, तिथंच, तुमच्या बागेत, आणि दाट सावली असेल तर सुखानं राहतात. पुढे मोहोराच्या दांड्यात अंडी घालतात, पिल्लं रस शोषून चिकटा टाकतात, त्याच्यावर काळी बुरशी चढते आणि तुम्ही म्हणता खार पडली. खार आकाशातून पडत नाही.

चाळीस फुटी कलमं, एकमेकांत घुसलेल्या फांद्या, आत दुपारी बारा वाजता अंधार. दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी शंभर, अशी लावलेली ही झाडं लावणाऱ्यानं विचारानं लावली होती. आता त्यांचे माथे एकमेकांना भिडलेत. आतल्या फांदीला ऊन नाही म्हणून मोहोर नाही, आणि शेंड्याला पंपाची धार पोचत नाही म्हणून कीड जिवंत. मधली उभी फांदी काढून झाडाचं पोट उघडं करा, जुनी झाडं टप्प्याटप्प्यानं उंची कमी करून पुन्हा उभी करा, हे तंत्र विद्यापीठानं कधीच देऊन ठेवलंय. छाटणीनंतर कापावर बोर्डोपेस्ट लावायची आणि त्या झाडावर खोडकिड्यासाठी डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. ओल्या जखमेकडे तो आधी येतो. तुमच्यातल्या एकानं छाटणी केली, पेस्ट लावली नाही, पुढचं कधी बघितलं नाही, आणि झाड मेल्यावर "विद्यापीठाचं ऐकून बुडालो" म्हणून गावभर सांगत फिरला. अर्धं ऐकून बुडालास, असं म्हण.

आता कल्टार. या विषयावर कोणी डोळे चोरू नका.

त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल हे काही वाईट औषध नाही. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. त्या रुसव्यावर आपल्या विद्यापीठानंच ते तपासून दिलं. पण कसं दिलं? झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम मोजायचा, दक्षिण-उत्तर मोजायचा, सरासरी काढायची आणि मीटरला ३ मिलि. एका अंगानं आठ मीटर, दुसऱ्या अंगानं सहा, सरासरी सात, औषध २१ मिलि. बस्स. ते पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार छोटे खड्डे पाडून, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत द्यायचं. दहा वर्षांखालच्या कलमाला नाही. रोगट, अशक्त झाडाला नाही. आणि ज्या झाडाला दिलं त्याला खताची मात्रा दीडपट, कारण ते झाड जास्त फळ देणार म्हणजे त्याला जास्त खायला लागणार.

तुम्ही काय करता? बाग करारानं देऊन मुंबईला जाता. करारदाराला तुमचं झाड तीन वर्षं हवंय, तीस वर्षं नाही. तो मोजपट्टी कशाला काढेल? तो दामदुप्पट ओततो, दर वर्षी ओततो, शेणखताची पाटी घालत नाही, आणि करार संपला की हात झटकून दुसरी बाग घेतो. पहिली दोन वर्षं तुम्ही खूश. मग फुटवे आखूड, तुरे गच्च गुच्छासारखे, पानं बारकी, आणि औषध बंद केलं की झाड आठ वर्षांच्या पोरासारखं हट्टानं काहीच देत नाही. ते औषध मातीत लवकर विरत नाही, राहतं. करारपत्रात भाड्याचा हप्ता कोणत्या तारखेला, हे तुम्ही वकिलाकडून लिहून घेता. कल्टार किती, खत किती, पंपाची नोंद कोण ठेवणार, ही तीन कलमं त्यात घातलीत तर वकील काही जास्त पैसे मागणार नाही. वडिलांनी कातळ फोडून, लांबून माती आणून, डोक्यावरून पाणी वाहून वाढवलेली बाग तुम्ही परक्याच्या हातात देता आणि पावसाळ्यात एकदाही बघायला येत नाही.

खताचं पटकन सांगतो, कारण हे तुम्हाला येतं, फक्त करायचं नसतं. दहा वर्षांपुढच्या कलमाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश. बाजाराच्या भाषेत युरिया तीन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो, सल्फेट ऑफ पोटॅश दोन किलो. पावसाच्या सुरुवातीला, विस्ताराच्या कडेच्या थोडं आत गोल चर खणून, त्यात, आणि वर माती. बुंध्याशी नाही! अन्न घेणारी बारीक मुळं कडेला असतात, बुंध्याशी जाड मुळं झाडाला नुसती धरून उभी असतात. माती परीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणे फेरफार करा. आपली जांभ्याची माती आंबट, तिच्यात स्फुरद अडकून पडतो, म्हणून शेणखत चुकवायचं नाही.

पाण्याचंही तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात "झाडं सुकली" म्हणून पाणी सोडणाऱ्यांनी मोहोराऐवजी पालवी काढून घेतली, आणि कोवळी पालवी म्हणजे फुलकिड्यांना पंगत. पाणी द्यायचं ते फळ धरल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा, झाडाला दीडशे-दोनशे लिटर, आणि आळ्यात पाचोळ्याचं आच्छादन. फळं वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी असताना एक टक्का पोटॅशियम नायट्रेट फवारलं तर गळ कमी होते, फळ भरतं. अंड्याएवढी झाल्यावर कागदी पिशव्या घाला. मजुरी परवडत नाही म्हणता. निदान खालच्या फांद्यांना घाला आणि त्या आंब्याचा रंग आणि भाव स्वतःच बघा.

आणि हे सगळं विचारायला जायचं कुठं? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ही म्हण आपल्याकडे उलटी झालीय. आग तुमच्या बागेत, आणि बंब खरोखरच रामेश्वरला उभा आहे. गिर्ये-रामेश्वरचं आंबा संशोधन उपकेंद्र तुमच्या घरापासून मोटारसायकलनं किती लांब? दापोलीचं विद्यापीठ १९७२ पासून तुमच्यासाठी बसलंय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो, फुकट, मराठीत. ढग आले की करपा येणार का, रात्री गार पडल्या की भुरीला काय करायचं, हे त्यात येतं. कृषी खात्याचा हॉर्टसॅपचा माणूस किडी मोजायला बागेत येतो, तेव्हा तुम्ही त्याला सरबत पाजून फाटकातूनच परत पाठवता. त्याला आत घेऊन जा, त्याच्याबरोबर मोजा.

काढणीवर मला फार बोलायचं नाही. चौदा आणे तयार झालेलाच आंबा उतरवायचा, झेल्यानं, देठ राखून, सकाळच्या वेळी. वाशीच्या बाजारात पहिली पेटी आपली गेली पाहिजे या हौसेपायी कोवळी कैरी पेटीत भरणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: कार्बाइडवर बंदी आहे हे ठाऊक आहे ना? २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही ताशे वाजवले होते. त्या नावाखाली आंबट गर विकणारा बाहेरचा असो की आपला, नुकसान सारखंच.

फळमाशी शेवटी ठेवली, कारण ती आत्ता, या घटकेला, तुमच्या बागेत आहे. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघानं भारतातला आंबा बंद केला. कशामुळे? आलेल्या मालात फळमाशी सापडली म्हणून. २०१५ च्या आरंभी बंदी उठली, पण तोवर ऐन हंगाम हातचा गेला होता. आता उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय तिकडे फळ जात नाही. पण ती प्रक्रिया निर्यातदार करतो. माशी कमी करणं तुमच्या हातात आहे. मिथाइल युजेनॉलचा रक्षक सापळा, हेक्टरी चार. त्यात फक्त नर येतात, म्हणून एकट्या सापळ्यानं भागत नाही आणि एकट्या बागेनंही भागत नाही. तुम्ही लावले आणि शेजाऱ्यानं नाही लावले, तर तुमचे सापळे त्याच्या माश्या मोजत बसणार. वाडीनं मिळून लावायचे. काही बागांत मी सापळे पाहिलेही. लटकत होते. आतली वडी गेल्या वर्षीची.

खाली बघा म्हटलं तर तिथं आंब्यांचा सडा. डागी, फुटलेले, अर्धे सडलेले. एक उचलून फोडला, आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मालक म्हणाला, "पडीचे हत ते, सर, ऱ्हवांदेत." ऱ्हवांदेत काय! त्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात, तिथंच कोषात जातात आणि माशी होऊन वर येतात. पावसाळ्यात तिला पेरू मिळतो, पुढे भाजीपाला मिळतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती तुमच्याच कैरीवर बसते.

मृग आठवड्याभरावर आलाय. उद्या सकाळी प्रत्येकानं आपल्या बागेतली पड वेचायची. दोन-अडीच फुटांचा खड्डा घ्यायचा, सगळी फळं त्यात टाकायची, वर माती चोपून बसवायची. करारानं दिलेल्या बागेतही मालकानं स्वतः जाऊन हे करायचं. मी परवा निघणार आहे. उद्या दुपारनंतर पुन्हा चक्कर मारीन, आणि ज्याच्या बागेत एकही सडका आंबा दिसेल त्याच्या हातची शाल मी घेणार नाही.